एककबाई आणि नवलाख उंबऱ्याचा फ्लेक्स

डॉक्टरांनी थर्मामीटर उजेडात धरला आणि म्हणाले, "एकशे दोन." खाटेवर ग्लानीत पडलेल्या बाईंनी डोळे न उघडता विचारलं, "एकशे दोन काय?" डॉक्टर बाईंचेच जुने विद्यार्थी. त्यांनी कॉलेजात मार खाल्ल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाले, "अंश फॅरनहाइट, बाई." मग बाई म्हणाल्या, "हं. आता लिही औषध." मी शेजारी मोसंबी सोलत बसलो होतो. म्हटलं, ही बाई काही एवढ्यात मरत नाही.

अख्ख्या मावळात त्यांना एककबाई म्हणत. मीटर, सेकंद, किलो ही सगळी एककं, आणि बाईंचा सारा जीव त्यांच्यात. तळेगावच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर फिजिक्स शिकवलं. पेपरात कुणी नुसतं 'उत्तर: पाच' लिहिलं की समासात लाल शाईने प्रश्न यायचा, 'पाच काय? पाच म्हशी?' माझ्या पेपरात तर इतक्या म्हशी जमायच्या की डेअरी निघाली असती. मी कसाबसा बीएस्सी झालो आणि फिजिक्सला कोपरापासून नमस्कार करून लोणावळ्यात डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान टाकलं. वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय! बाई रिटायर होऊन लोणावळ्यात राहायला आल्या आणि तिसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर उभ्या. म्हणाल्या, "दिलीप, तुझ्याकडे मराठी टाइप होतं ना? मग बस. जगात फिजिक्समध्ये रोज नवं काही घडतंय आणि आपल्या पोरांना ते मराठीत वाचायला मिळत नाही. दर महिन्याला चार पानी पत्रक काढायचं. शाळाशाळांना वाटायचं." मी म्हटलं, "बाई, सीझन आहे. वाढदिवसांचे फ्लेक्स चाललेत." त्या स्टूल ओढून बसल्या. त्यानंतर कित्येक वर्षं ते स्टूल त्यांचंच होतं. गिऱ्हाईक उभं राहायचं.

पत्रकाचे नियम बाईंनी स्वतः घडवले होते आणि ते कायद्यापेक्षा कडक होते. आकडा आणि एकक यांच्यामध्ये श्वास घेण्यापुरती जागा सोडायची. पण ओळ संपली म्हणून आकडा वर आणि एकक खालच्या ओळीत, असं झालं तर माझी धडगत नसे. "नवराबायकोची ताटातूट कशाला करतोस?" म्हणायच्या, आणि त्या दोघांना एकत्र आणायला मला अख्खा परिच्छेद नव्याने बसवावा लागायचा. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नाही. हे कुणी चुकवलं की त्यांचा रक्तदाब वाढायचा. 'क्रांतिकारी', 'थक्क करणारे', 'चमत्कार' हे शब्द हद्दपार. 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले' असं लिहिलेलं सापडलं तर आधी विचारायच्या, "कुठल्या शास्त्रज्ञांनी? नावं नाहीत का त्यांना?" आणि मग 'सिद्ध'वर काट मारायच्या. "सिद्ध गणितवाले करतात. आपल्याला फक्त आढळतं, दिसतं, वाटतं. जे झालं तेवढंच लिही."

आता माझा पोटापाण्याचा धंदा म्हणजे निव्वळ उद्गारचिन्हांचा. 'मावळचा ढाण्या वाघ!!!' म्हटल्याशिवाय माझ्या घरी चूल पेटत नाही. बाई शेजारी बसून माझा मॉनिटर बघायच्या आणि त्यांच्या कपाळाची शीर उडायची. "इतकी चिन्हं कशाला रे? वाचणाऱ्याला नवल वाटायचं असेल तर वाटेल की. तू मागून ढकलतोस कशाला?" मी म्हणायचो, "बाई, ढकलल्याशिवाय कुणी हलत नाही हो या तालुक्यात." त्या हसायच्या. हसल्या की ओठ दाबून हसायच्या, चोरून पेढा खाल्ल्यासारख्या.

हा कडकपणा त्यांनी वडिलांकडून घेतला होता. वडील देहूरोडच्या डेपोत कामाला. लष्कराच्या पेट्यांवर काळ्या रंगाने नाव घालायचं त्यांचं काम. बाई लहान असताना रविवारी वडील त्यांना विहारात वंदनेला न्यायचे, आणि वाटेत डेपोच्या गोष्टी सांगायचे. "अण्णा म्हणायचे, पेटीवर एक आणि पेटीत दुसरंच, असं झालं की कुठेतरी सीमेवर कुणाचा तरी पोरगा मरतो. शब्द म्हणजे पेटीवरचं नाव. वर लिहिलंय तेच आत पाहिजे." हे सांगताना बाईंचा आवाज वेगळाच व्हायचा, आणि मी थट्टा करायचो नाही.

बाकी, सोसायला बाई अवघड होत्या, खोटं कशाला बोलू! माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी पाहिली. 'शुभमुहूर्त: ठीक ११ वाजून ५७ मिनिटांनी.' बाई म्हणाल्या, "ठीक? मावळात? त्याच्यापुढे 'कमी-अधिक दीड तास' असं घाल. मापनातली अनिश्चितता लिहिल्याशिवाय माप पुरं होत नाही." माझी बहीण महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. लग्न लागलं दीड वाजता. बाईंनी फक्त हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. वर अक्षता पण जोरात टाकल्या.

परदेशी शास्त्रज्ञांच्या नावांपायी तर त्यांनी मला रडवलं. नाव वर्तमानपत्रात छापलंय तसं घ्यायचं नाही. त्या थेट त्या माणसाला ईमेल करायच्या, 'आपले नाव आपल्या आईने कसे उच्चारले, ते कृपया ध्वनिमुद्रित करून पाठवा.' आणि माणसं पाठवायची! जगातले मोठेमोठे लोक लोणावळ्याच्या बाईला आपलं नाव म्हणून दाखवायचे. "ज्याचं काम त्याचं नाव," बाई म्हणायच्या, "आणि नाव त्याच्याच तोंडचं."

त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी अमोल. मावळातल्याच नवलाख उंबरे गावचा. वडील सोपानभाऊ सकाळी शेतात आणि दुपारनंतर एमआयडीसीतल्या कारखान्यात. पोरगं शिकत शिकत परदेशात गेलं आणि एका डोंगराच्या पोटातल्या प्रयोगशाळेत लागलं. आपल्या एक्सप्रेसवेला आहे तसा बोगदा, आणि त्यात द्रवरूप वायूची मोठी टाकी. विश्वात कुणाला न दिसणारं काहीतरी द्रव्य आहे, ते टाकीतून जाताना चुकूनमाकून एखादा उजेडाचा ठिपका उमटेल, या आशेवर ती सगळी माणसं वर्षानुवर्षं बसलेली. आणि एक दिवस त्यांना अपेक्षेपेक्षा थोडे जास्त ठिपके दिसले. त्यांनी शोधनिबंध जाहीर केला: जास्तीचे ठिपके आढळले, कारण अजून माहीत नाही, तपासणी चालू आहे. एवढंच. अमोलने आनंदाने आबांना, म्हणजे वडिलांना, फोन केला.

फोनवरून सोपानभाऊंना जे समजलं, ते दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आलं. गावच्या मंडळाने वीस फुटी फ्लेक्सची ऑर्डर दिली: 'मावळच्या वाघाने एकट्याने उलगडले विश्वाचे रहस्य!!!!!' मध्ये कोट घातलेला अमोल, मागे आकाशगंगा, बाजूला खराखुरा वाघ. रविवारी सत्कार. मी मन लावून वाघाची मिशी साफ करत होतो, तेवढ्यात मागून बाईंचा आवाज आला, "दिलीप, हे काय आहे?"

बाईंनी तिथूनच अमोलला फोन लावला. स्पीकरवर पोराचा आवाज रडवेला. "बाई, आमच्या गटात तिघं भारतीय आहेत. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की इथं पोचायला तास लागत नाही. माझी नोकरी पुढे चालू ठेवायची का, ते याच महिन्यात ठरतंय. एकट्याने शोध लावला असं सांगत फिरतो, असं सरांना वाटलं तर संपलंच. आणि शोध लागलेलाच नाही बाई! पण आबांना सांगायला माझी जीभ उचलत नाही. त्यांचा आवाज ऐकला असता ना तुम्ही..." बाई म्हणाल्या, "तू नको बोलूस. आम्ही जातो." आम्ही म्हणजे त्या आणि माझी स्कूटर.

सोपानभाऊंनी ओसरीवर सतरंजी अंथरली, चहा आला, मंडळाची पोरं जमली. आतल्या दाराशी अमोलची आई पदर सावरून उभी होती. आणि बाईंनी सुरुवातच चुकीची केली. कॉलेजात उभ्या आहेत अशा थाटात अर्धा तास दावा, पुरावा, अनिश्चितता समजावून सांगितली. चहा गार झाला. सोपानभाऊंचा चेहरा उतरत उतरत दगडासारखा झाला. शेवटी ते म्हणाले, "म्हंजी माज्या पोरानं काय बी केलं न्हाई, आसंच म्हना की, बाई. तुमीच शिकिवलं, आन् तुमीच खाली वढाया लागला व्हय?"

मला बाईंची दया आली, आणि त्याहून जास्त सोपानभाऊंची. बापाच्या जन्मभराच्या कष्टांना एक फ्लेक्स लागणार होता, आणि ही बाई त्यावरून एकेक शब्द उतरवायला निघाली होती.

बाईंनी गार चहाचा कप बाजूला सारला. समोर चौकात मंडळाचा जुना फ्लेक्स होता, माझाच. वर पुढाऱ्याचा मोठा फोटो आणि खाली रांगेने 'शुभेच्छुक' म्हणून गावातल्या पोरांचे बारके बारके चेहरे. बाईंनी विचारलं, "हे खालचे इतके जण कशाला घालता हो? वरचा एकच पुरे की."

पोरं एकदम खवळली. "आसं कसं? वर्गणी दिली, रातच्याला जागलो, मांडव घातला. नाव नको व्हय?" एकजण म्हणाला, "मागल्या टायमाला आमच्या चुलत्याचा फोटू ऱ्हायला, तर ते अजून बोलत न्हाईत." आणि मग कुणाचा फोटो आधी, कुणाचा नंतर, यावर त्यांच्यातच जुंपली. मला हसू आवरेना. हा तंटा दर वेळी माझ्या दुकानात होतो.

बाईंनी पिशवीतून अमोलचा निबंध काढून सतरंजीवर पसरला. "हे बघा. हे या कामाचे शुभेच्छुक. पंधरा देशांतली माणसं आहेत. कुणी टाकी बांधली, कुणी तारा जोडल्या, कुणी रात्री जागवल्या. आणि हा बघा आपला अमोल, या दुसऱ्या रांगेत. 'एकट्याने' लिहिलं, तर या सगळ्यांचे फोटो राहिले."

सोपानभाऊंनी निबंधावरची नावं बोटाने वरपासून खालपर्यंत चाचपली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण रांग कळत होती. "ही समदी कुनाची ना कुनाची पोरंच की," ते म्हणाले. "त्यांची नावं गाळून माज्या पोराला मोटं करायचं व्हय? न्हाई. समद्यांची नावं टाका."

"आणि रहस्य?" बाईंनी हळूच विचारलं. "सोपानभाऊ, शेतात ठसे दिसले, तर बिबट्या धरला म्हणून सांगाल का?"

"छ्या! माग लागला म्हनायचं. बिबट्या व्हता का तरस, ते मागून बघू."

"मग तेच लिहायचं," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून पत्रकात 'संकेत' हा शब्द जाऊन 'माग' आला. मला बाईंनी गाडीवर तीनदा सांगितलं, "काय शब्द आहे रे! माग!"

पुढचे चार दिवस माझ्या दुकानाने जे सोसलं ते सांगता सोय नाही. अमोलने गटाला कळवलं, की आमच्या गावाला सगळ्यांची नावं लावायची आहेत. आधी त्याच्या सरांना कळेचना हे काय प्रकरण आहे. कळलं तेव्हा ते इतके खूश झाले, की त्यांनी सगळ्यांना फर्मान काढलं. झालं! जगभरातून माझ्या मोबाइलवर माणसं आपापली नावं म्हणू लागली. लग्नपत्रिका टाकायला आलेलं गिऱ्हाईक बिचारं फिनलंडच्या माणसाचं आडनाव ऐकत उभं. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि एकेक अक्षर सांगायच्या. एका चिनी मुलीने नाव तीन वेळा पाठवलं, गाणं म्हटल्यासारखं. बाई म्हणाल्या, "हा सूर आपल्या लिपीत बसत नाही. तिला सांग, जमेल तेवढं लिहिलंय, राग मानू नकोस." चिनी मुलीने उलट हसरा चेहरा पाठवला.

रविवारी फ्लेक्स लागला. 'विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याचा माग लागला असावा. तपासणी चालू आहे. चि. अमोल आणि त्याच्या सर्व सहकाऱ्यांना शुभेच्छा.' खाली सगळी नावं आणि चेहरे. अमोलचा फोटो मात्र सोपानभाऊंनी बाकीच्यांच्या दुप्पट करून घेतला. मी भीतभीत बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "असू दे. बाप आहे. प्रत्येक नियमाला एक तरी अपवाद ठेवावा." वाघ मी स्वतःहून काढला होता. तिकडे त्या फ्लेक्सचा फोटो प्रयोगशाळेच्या दारावर लागला, आणि अमोलची नोकरी पुढे चालू राहिली. फ्लेक्समुळे राहिली असं मी म्हणत नाही. बाईंनी मला तसं म्हणू दिलं नसतं.

वर्ष उलटलं, आणि एका सकाळी अमोलचा बाईंना फोन आला. जास्तीचे ठिपके त्या द्रव्याचे नव्हतेच. टाकीच्या एका सांध्यात अगदी किंचित भेसळ होती, साधीच किरणोत्सारी भेसळ, आणि ती शोधून काढली होती खुद्द अमोलने. ज्याच्यासाठी गावाने फ्लेक्स लावला, ते त्याने स्वतःच्या हाताने पुसलं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "शाब्बास," म्हणाल्या. "खरंच शाब्बास. पण आबांना तूच सांग. तुझ्याच तोंडून कळू दे." फोन ठेवल्यावर त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दिलीप, माझ्या पोराला गाव हसेल रे. मला ते बघवणार नाही." त्याच महिन्यात त्या लोणावळा सोडून नागपूरला लेकीकडे कायमच्या जाणार होत्या. गुडघे आता जिने चढत नव्हते. घरातली खोकी भरून झाली होती आणि हे काय मध्येच येऊन पडलं!

दोन दिवसांनी सोपानभाऊ दुकानात आले. कारखान्याचे कपडे अंगावर तसेच. मी पाणी दिलं. ते प्यायले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "फ्लेक्स करायचा हाय. लिवून घे." मी कीबोर्डवर हात ठेवून बसलो. ते भिंतीकडे बघत एकेक शब्द सांगत गेले: "तपासणी पूर्ण झाली. माग दुसराच निघाला. चूक शोधून काढल्याबद्दल चि. अमोल आणि त्याच्या सर्व सहकाऱ्यांचे हार्दिक अभिनंदन." मग म्हणाले, "आन् खाली समदी नावं, पयल्यागत. आमच्या पोराचा फोटू ह्या खेपेला समद्यांयेवढाच ठेव."

आयुष्यात इतके फ्लेक्स केले. निवडून आल्याचे केले, पडल्यावर 'आभार' मानल्याचेही केले. पण आपली चूक सापडली म्हणून अभिनंदनाचा फ्लेक्स, हा पहिलाच.

बाईंना पुण्याला नागपूरच्या रेल्वेत बसवायला मीच निघालो होतो. म्हटलं, वाट वाकडी करू. नवलाख उंबऱ्याच्या चौकात गाडी थांबवली. बाई काठी टेकत उतरल्या, चष्मा पुसला, आणि फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचत राहिल्या. प्रत्येक नाव वाचलं. सोपानभाऊ धावत आले. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला थांबला, वाचलं आणि फिदीफिदी हसला. "आबा, हारल्याचा बी फ्लेक्स लावत्यात व्हय?"

सोपानभाऊ शांतपणे म्हणाले, "हारलंय कोन? खोटं धरून बसला न्हाई, त्यो हारत नसतो."

मोटारसायकल गेली. बाईंच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. सोपानभाऊंचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "सोपानभाऊ, पत्रकाचा शेवटचा अंक व्हायचाय अजून. हे वाक्य मला पहिल्या पानावर छापायचंय. खाली तुमचं नाव घालून."

सोपानभाऊ गडबडले. हात सोडवून घेतला, मान खाली घातली. "नगं बाई. माजं नव्हं ते. पोराचा फोन आला, तवा मी डोक्याला हात लावून बसलोतो. तवा आमची मंडळी बोलली ते. नाव टाकायचं तर तिचं टाका."

अमोलची आई. ओसरीच्या दाराशी पदर सावरून उभी राहिलेली, आणि आमच्यातल्या कुणी जिला एका शब्दाने काही विचारलं नव्हतं ती. मी गावाचे इतके फ्लेक्स केले, पण तिचं नाव कधी टाइप केलं नव्हतं.

"नाव सांगा," बाई म्हणाल्या. "त्या स्वतः म्हणतात तसं सांगा."

सोपानभाऊ लाजले. इकडेतिकडे पाहिलं, टोपी नीट केली, आणि भर चौकात, सगळ्या पोरांदेखत, मोठ्याने बायकोचं नाव घेतलं: "कौसल्या."